मोरांदीच्या खोलीतली धूळ

एलिमेंटरीच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला एक गोष्ट आठवत असेल. समोर स्टूलवर स्टीलचा तांब्या किंवा काचेची बाटली मांडलेली असायची आणि चित्रकलेचे सर वर्षभर एकच बजावत आलेले असायचे, "हायलाइटची जागा आधी सोडा." तांब्यावर खिडकी जिथे चमकते तिथे कागद कोरा ठेवायचा. तो पांढरा ठिपका जमला की तांब्या गोल दिसायचा आणि निदान बी ग्रेड तरी मिळायची. (मला बीच मिळाली.)

आता गंमत बघा. ज्या माणसाने जवळजवळ आयुष्यभर बाटल्या, बरण्या, डबे आणि नरसाळीच रंगवली, त्याच्या उतारवयातल्या चित्रांत हा ठिपका शोधूनही सापडत नाही. चित्रांत बाटल्या आहेत, चमक नाही. आमच्या सरांनी त्याला सी दिली असती.

हा माणूस म्हणजे जॉर्जो मोरांदी. जन्म १८९०, मृत्यू १९६४, दोन्ही इटलीतल्या बोलोन्या शहरात. एरवी या ब्लॉगवर मी माझ्या पीएचडीबद्दल लिहिते, म्हणजे भुकटीच्या पातळ थरावर प्रकाश पडला की तो कुठेकुठे विखुरतो त्याबद्दल. आज चित्रांबद्दल लिहिणार आहे, पण विषय फार बदललाय असं समजू नका.

गेल्या वर्षी एका परिषदेसाठी बोलोन्याला जायला मिळालं. शेवटच्या दिवशी दुपारची सत्रं बुडवून मी व्हिया फोंदात्सा नावाच्या रस्त्यावर गेले. कमानींखालून चालत जायचं, नंबर ३६ शोधायचा. मोरांदीचं कुटुंब वडील गेल्यावर १९१० मध्ये या रस्त्यावर राहायला आलं आणि तो मरेपर्यंत इथेच राहिला. आई आणि तीन बहिणी: आन्ना, दीना, मारिया तेरेसा. कोणाचंच लग्न झालं नाही, त्याचंही नाही. आई १९५० मध्ये गेली, त्यानंतर ही चार भावंडं. २००९ पासून हे घर लोकांना बघायला खुलं आहे. त्याची स्टुडिओची खोली तुम्ही काचेपलीकडून बघता, आत पाऊल टाकता येत नाही.

स्टुडिओ म्हणजे झोपायची खोलीसुद्धा तीच. साधारण नऊ चौरस मीटर, आपल्या हिशोबाने शंभरेक चौरस फूट, म्हणजे चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीहूनही लहान. एका माणसाची अरुंद कॉट. अंगणाकडे उघडणारी खिडकी. ईझल. वस्तू मांडायला वेगवेगळ्या उंचीची टेबलं आणि फळ्या. आणि मग वस्तू, जमिनीवर, टेबलाखाली, शेजारच्या अडगळीत, मिळेल तिथे. या खोलीत शिरायचं तर बहिणींच्या खोलीतून जावं लागे.

मी काचेला नाक लावून एक फोटो काढला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आईचं उत्तर दोन मिनिटांत आलं: "एवढ्या मोठ्या माणसाचं घर आणि धूळ कोणी पुसत नाही का?"

आईचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागलाय. कारण धूळ हा त्या खोलीतला मुद्दाच आहे. १९६४ मध्ये तिथे गेलेला कलाइतिहासकार जॉन रेवाल्ड याने वस्तूंवरच्या धुळीच्या जाड, मखमलीसारख्या थराचं वर्णन लिहून ठेवलंय. त्याला तो थर दुर्लक्षाचा वाटला नाही. नंतरच्या बहुतेक लिखाणात मात्र ही धूळ काव्यमय होत गेली: काळाची धूळ, एकांताची धूळ, विरक्तीची धूळ. मला यातलं काही पटत नाही. माझ्या मते ती धूळ म्हणजे उपकरणाचा एक भाग आहे, आणि ती खोली हे उपकरण आहे. कसं ते सांगते, थोडं फिजिक्स सहन करा.

काचेच्या पृष्ठभागावर समोरून प्रकाश आला तर त्यातला साधारण चार टक्के आरशासारखा परत फिरतो. चार टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण तो चार टक्के कशाचा आहे बघा. खिडकीतून दिसणारं आकाश हे खोलीतल्या टेबलावर ठेवलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा कितीतरी पटींनी उजळ असतं, सहज तीस-चाळीस पट असू शकतं. त्याचा चार टक्के काढला तरी बाटलीवरचा तो ठिपका पांढऱ्या कागदाशी बरोबरी करतो, कधी त्याच्याही पुढे जातो. स्टीलचा तांब्या तर निम्म्याहून जास्त प्रकाश तसाच परत पाठवतो, त्याचं काही विचारूच नका.

आता चित्रकाराची अडचण. त्याच्याकडचा सगळ्यात उजळ रंग म्हणजे ट्यूबमधला पांढरा. त्याच्यापलीकडे काही नाही. तो पांढरा जर हायलाइटला देऊन टाकला, तर पांढरी बरणी, पांढरं फडकं, मागची फिकट भिंत या सगळ्यांना एकेक पायरी खाली उतरून करड्यात बसावं लागतं. मोबाइलवर खिडकीसमोर उभ्या माणसाचा फोटो काढला की चेहरा काळा येतो ना, तसंच. आमच्या लॅबच्या भाषेत, डिटेक्टर एका ठिपक्यावर सॅच्युरेट होतो आणि बाकीचा सगळा डेटा तळाशी चिकटतो. मला ज्या सिग्नलमध्ये रस आहे तो बारीक असेल, तर आधी ती चमक मारावी लागते.

मोरांदीने ती मारली. एकदा नाही, तीन-तीन प्रकारे मारली. बाटल्यांची लेबलं काढून टाकली. काही वस्तू बाहेरून मॅट रंगाने रंगवल्या. ओव्हल्टीनचा डबासुद्धा त्यातून सुटला नाही. काही पारदर्शक बाटल्यांच्या आत रंग ओतला, म्हणजे काचेतून मागचं वाकडंतिकडं दिसणं बंद. आणि वरून धूळ बसू दिली. धुळीचे कण वेडेवाकडे असतात, प्रत्येक कण आपापल्या दिशेने प्रकाश फेकतो, आणि सगळे मिळून पृष्ठभाग असा होतो की तो कुठूनही पाहिला तरी जवळजवळ सारखाच उजळ दिसतो. योहान लाम्बर्टने १७६० मध्ये अशा पृष्ठभागाचा नियम मांडला, आम्ही अजून त्याच्याच नावाने ओळखतो. मी तीन वर्षं जे थर काचपट्टीवर बनवायला धडपडतेय, ते या माणसाच्या घरात वरून आपोआप पडत होते.

घरी करून बघा. स्टीलचा डबा खिडकीशेजारी ठेवा आणि डोकं डावी-उजवीकडे हलवा. चमक तुमच्याबरोबर सरकेल. मग डब्याला तेलाचा हात लावून वर टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पुन्हा बघा. आता डोकं हलवलं तरी डब्यावरचा उजेड जागचा हलत नाही. खिडकीकडची बाजू उजळ, दुसरी हळूहळू मावळत जाणारी, बस. मोरांदी एखादी मांडणी ठरवायला आठवडेच्या आठवडे घेत असे. जो माणूस इतका वेळ उभं राहून, वाकून, मागे सरकून बघणार आहे, त्याला दरवेळी तेच दिसणं गरजेचं आहे. चमकणारी बाटली दर दिवशी वेगळी बाटली असते. धुळकट बाटली तीच राहते.

आमच्या लॅबमध्ये याच्या बरोबर उलट असतं, धूळ म्हणजे शत्रू. एक कण भिंगावर बसला की दुपार वाया. म्हणून काचेपलीकडे ती धूळ बघताना आधी माझ्या हाताला खाज सुटली, आणि मग कळलं की इथे मोजायची गोष्टच वेगळी आहे.

दुसरी गोष्ट टेबलांची. वेगवेगळ्या उंचीची टेबलं म्हणजे वस्तू डोळ्याच्या पातळीच्या किती खाली ठेवायच्या याचं नियंत्रण. बरणीचं गोल तोंड डोळ्याच्या पातळीवर आणलं की ती सरळ रेष होते. खाली नेलं की लंबगोल उघडत जातो. उतारवयातल्या कितीतरी चित्रांत डबे आणि पेट्या जवळजवळ सपाट पुठ्ठ्यासारख्या दिसतात, खोली म्हणजे खोलपणा या अर्थाने जवळजवळ नाहीसा होतो. लोक याला अमूर्ताकडचा प्रवास वगैरे म्हणतात. असेलही. पण त्यातला निम्मा प्रवास वस्तू वरच्या फळीवर ठेवल्याने झालाय हे विसरू नये.

या टेबलांवर कागद अंथरलेला असे आणि वस्तूंच्या बुडाभोवती पेन्सिलने खुणा केलेल्या असत. वस्तू उचलली तरी पुन्हा नेमकी तिथेच ठेवता यावी म्हणून. टॅसिटा डीन या ब्रिटिश कलावतीने २००९ मध्ये नुसत्या त्या खुणांवर एक कृष्णधवल फिल्म केली, 'स्टिल लाइफ' नावाची. वर्तुळावर वर्तुळ, चौकोनावर चौकोन, एकाच्या पोटातून दुसऱ्याची रेघ. मी ते बघून हसले, कारण आमच्या ऑप्टिकल टेबलावर हेच आहे. भिंगाचे स्टँड कुठे होते याच्या खुणा, शेजारी तारीख. मागच्या पावसाळ्यात नव्याने आलेल्या एका ज्युनिअरने अगदी मनापासून, स्पिरिट लावून, ते टेबल लख्ख पुसून ठेवलं. अलाइनमेंट परत मिळवायला मला अडीच आठवडे लागले. तिला रागावताही येईना. बिचारीने टेबल साफ केलं होतं.

तिसरी गोष्ट रंगाची, ती पटकन सांगते. तैलरंगातलं जवसाचं तेल उडून जाऊन वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेऊन घट्ट होतं. वाळताना त्याचं वजन थोडं वाढतं. वरवर सुकायलाही काही दिवस जातात. म्हणजे एका बैठकीत रंगवलं तर शेजारचे दोन्ही रंग ओले असतात आणि ब्रश एकाचा थोडा अंश दुसऱ्यात ओढून नेतो. मोरांदी मांडणीला आठवडे लावी, पण रंगवण्याचं काम थोड्याच बैठकांत उरकत असे. खिडकीतला उजेड बदलायच्या आत. त्याचे कॅनव्हास दीड-दोन फुटांच्या आतले का असतात याचं एक साधं उत्तर इथे आहे, दुसरं उत्तर खोलीच्या आकारात. आणि त्याच्या बाटल्यांच्या कडा थरथरल्यासारख्या दिसतात त्याचं कारण शोधायला फार आत जायला नको. ओल्यात ओला रंग लावलाय.

हे सगळं करून त्याने मिळवलं काय? इथेच माझ्यासारख्या सेटअपवाल्या माणसाची परीक्षा असते, कारण सेटअप कितीही सुंदर असला तरी शेवटी निकाल विचारतात.

शहरातल्या माम्बो या आधुनिक कलेच्या संग्रहालयात मोरांदी संग्रहालयाची चित्रं हलवलेली आहेत, तिथे मी आदल्या संध्याकाळी जाऊन आले होते. पन्नासच्या दशकातल्या चित्रांसमोर उभं राहिलं की सुरुवातीला काहीच होत नाही. करडं, मळकट पांढरं, थोडा तांबूस मातकट. मग मिनिटभराने कळतं की जे एक पांढरं वाटत होतं ते चार पांढरे आहेत. एक थंड, एक पिवळसर, एक मागच्या भिंतीइतकाच उजळ, पण रंगाने किंचित गुलाबी. बरणीची कड आणि पेटीची कड एकाच रेषेत आणलेली असते, त्यामुळे कोण पुढे कोण मागे हे कडेवरून ठरत नाही; ते फक्त या दोन पांढऱ्यांमधल्या फरकावरून ठरतं. दोन रंगछटा किती जवळ आणल्या तरी त्या दोनच राहतात, याची ही मोजणी आहे. चमक ठेवली असती तर ही मोजणी शक्यच नव्हती, सगळे पांढरे चिखलात गेले असते.

१९५२ मध्ये त्याने पिवळं फडकं घेऊन काही चित्रं केली. त्याच त्या पांढऱ्या बाटल्या, पेट्या, शेजारी घडी घातलेलं पिवळं फडकं. एका चित्रातून दुसऱ्यात जाताना एखादी वस्तू बोटभर सरकते किंवा गायब होते. आम्ही याला एका वेळी एकच चल बदलणं म्हणतो आणि त्याबद्दल विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी लेक्चर देतो. फडकं पिवळं असल्यामुळे शेजारचं करडं आपसूक जांभळट दिसायला लागतं. त्या करड्यात जांभळा खरोखर मिसळलाय की आपला डोळा तो बनवतोय, हे मला चित्रासमोर उभं राहून ठरवता आलं नाही. एका हाताने फडकं झाकून बघायचा प्रयत्न केला तर तिथला सुरक्षारक्षक पुढे आला.

सगळंच मला आवडतं असं नाही. १९१८-१९ ची चित्रं, ज्यात शिंप्याच्या पुतळ्याचं डोकं आणि धारदार कडांच्या वस्तू आहेत, ती मला हुशार वाटतात, पण त्यात पाहिलेलं कमी आणि ठरवलेलं जास्त आहे. फुलांची चित्रंही तशीच. तो बरेचदा कापडी किंवा वाळलेली फुलं वापरी, म्हणजे पुन्हा न हलणारा, न कोमेजणारा नमुना, सेटअप म्हणून चोख. पण यातली पुष्कळ चित्रं मित्रांना भेट देण्यासाठी केलेली आहेत, आणि ती भेटवस्तूसारखीच दिसतात. नीटनेटकी, कुणाला न दुखावणारी. नियंत्रण आहे, पण त्यातून शोधायचं काही नाही. आमच्या क्षेत्रात असे पेपर पुष्कळ निघतात, मीही एक लिहिलाय.

आता मला ज्याचा राग येतो त्याकडे येते.

त्या काचेसमोर माझ्याबरोबर तिघं-चौघं होती. कुजबुजत बोलत होती, देवळात बोलतात तसं. एक बाई म्हणाल्या की एवढ्याशा खोलीत, काही नसताना, माणसाने केवढं केलं. इंग्रजीत म्हणाल्या म्हणून मला कळलं. मोरांदीबद्दलच्या लिखाणात हे इतक्यांदा येतं की ते खरं मानूनच आपण आत शिरतो: संन्यासी, मठ, कोठडी, गरजा कमी केलेला माणूस. बोलोन्याचा साधू. इटलीबाहेर तो पहिल्यांदा गेला तोही १९५६ मध्ये, शेजारच्या स्वित्झर्लंडला, हेही त्या साधूपणाचा पुरावा म्हणून सांगितलं जातं.

काही नसताना? १९३० ते १९५६ तो बोलोन्याच्या ललित कला अकादमीत एचिंगचा प्राध्यापक होता. सव्वीस वर्षं दरमहा पगार. उन्हाळ्यात डोंगरातल्या ग्रित्साना गावी जायची सोय होती, तिथली निसर्गचित्रं वेगळीच आहेत. रोबेर्तो लोंगीसारखा मोठा कलाइतिहासकार त्याच्या बाजूने उभा होता. १९४८ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेत चित्रकलेचं पारितोषिक, १९५७ मध्ये साओ पाउलोला. जगापासून अलिप्त म्हणाल, तर १९२८ मध्ये एका फॅसिस्ट नियतकालिकात त्याने स्वतःबद्दल लिहिताना फॅसिझमवर विश्वास असल्याचं म्हटलं होतं, आणि १९४३ मध्ये फॅसिस्टविरोधी मित्रांमुळे आठवडाभर तुरुंगातही राहून आला. संन्याशाच्या आयुष्यात इतकी ये-जा नसते.

आणि मुख्य म्हणजे बहिणी. त्या घरात रोज स्वयंपाक होत होता, कपडे धुतले जात होते, आल्यागेल्याला दार उघडलं जात होतं. एका खोलीतली धूळ जशीच्या तशी राहायची असेल तर बाकीच्या खोल्यांतून झाडू फिरत असला पाहिजे आणि तो नेमका त्या दारापाशी थांबला पाहिजे. दार जाता-येता उघडणार, शेजारच्या खोलीत माणसं झोपणार-उठणार, तरी आतलं एकही भांडं हलायचं नाही. माझ्या लॅबमध्ये यासाठी कुलूप, दारावरचा लाल दिवा आणि दोन सूचनाफलक आहेत, तरी टेबल पुसलं जातंच. त्या घरात हे तीन बायकांनी वर्षानुवर्षं सांभाळलं. संग्रहालय बहिणींची नावं सांगतं, फर्निचर दाखवतं. पण काच त्याच्या खोलीला लावलेली आहे.

आपल्याकडे हेच वासुदेव गायतोंड्यांच्या बाबतीत होतं. गिरगावातल्या चाळीत वाढलेला हा चित्रकार सत्तरच्या दशकापासून दिल्लीत निजामुद्दीनच्या बरसातीत एकटा राहिला, वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत राहिला. त्यांच्यावर मराठीत बोलताना आपण लगेच ऋषी, मौन, साधना या शब्दांकडे जातो. मग रोलर आणि नाइफने तैलरंगाचे पातळ थर एकावर एक कसे चढवले आणि कसे काढले, त्यासाठी किती वाट बघावी लागत असेल, याबद्दल बोलायला कोणी उरत नाही. खोली लहान होती एवढं सांगून आपण मोकळे होतो.

हे मला का झोंबतं ते सांगते. दीड वर्षापूर्वी माझ्या वार्षिक रिव्ह्यूमध्ये मी एका यंत्रासाठी विनंती केली होती. गोनिओमीटर, म्हणजे वेगवेगळ्या कोनांतून विखुरलेला प्रकाश मोजायचं यंत्र. समितीतले एक ज्येष्ठ सर मान हलवून म्हणाले, "रामन यांनी दोनशे रुपयांत नोबेल आणलं." सगळे हसले, मीही हसले. त्या वेळी माझी फेलोशिप सात महिने आली नव्हती.

दोनशे रुपयांची ही गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलीय, विज्ञान दिनाला दर वर्षी. पण रामन आणि कृष्णन यांचा १९२८ चा मूळ पेपर उघडून बघा, दीड पानाचासुद्धा नाही. त्यात सूर्यप्रकाश एकवटायला १८ सेंटीमीटर व्यासाचं दुर्बिणीचं भिंग आहे. साठेक वेगवेगळे द्रव तपासलेत. आणि हे द्रव निर्वातात पुन्हा पुन्हा ऊर्ध्वपातन करून शुद्ध केलेले आहेत. का? धूळ काढायला. द्रवात धुळीचा कण राहिला तर तोच इतका प्रकाश विखुरतो की खरा क्षीण सिग्नल त्यात बुडून जातो. म्हणजे स्वस्त काय होतं, तर डोळ्यासमोर धरायचा स्पेक्ट्रोस्कोप आणि फिल्टर. महाग होतं ते कृष्णन आणि इतरांनी त्या द्रवांवर घालवलेलं आयुष्य, आणि कलकत्त्याची ती संस्था जिथे हे करायला जागा होती. ते दोनशे रुपयांत धरलेलं नाही.

मोरांदीची खोली मला आता तशीच दिसते. लहान आहे, स्वस्त नाही.

नंतर मी तो गोनिओमीटर घरगुती बनवला. शाळेतला मोठा कोनमापक, प्रिंटरमधून काढलेली मोटर, लेझर, फोटोडायोड, वर काळ्या कार्डशीटचा खोका. चालतो. त्याला चौदा महिने गेले, आणि त्या चौदा महिन्यांत थीसिसचं एक पानही पुढे सरकलं नाही. आमच्याकडे पाहुणे आले की गाइड मला तो दाखवायला लावतात, आणि मी मोठ्या अभिमानाने दाखवते. त्या अभिमानाचीच मला भीती वाटते. उद्या कोणीतरी माझ्या ज्युनिअरला रिव्ह्यूमध्ये सांगेल, हिने बघ कार्डशीटमध्ये केलं. आणि तेव्हा माझा फोटोही दाखवला जाईल, कोनमापकासकट.

बोलोन्याला जाण्याआधी मला स्वतःलाही ती खोली साधूची कोठडी म्हणूनच बघायची होती. तसं बघता आलं असतं तर माझे चौदा महिने सार्थकी लागल्यासारखे वाटले असते. काचेसमोर मी बराच वेळ उभी होते आणि शेवटी बघत राहिले ती टेबलावर अंथरलेल्या कागदाकडे. त्यावरच्या खुणा खाडाखोड करून पुन्हा केलेल्या होत्या. यात शांती वगैरे काही नव्हती. ते काम होतं, आणि ते जमत नव्हतं म्हणून पुन्हा केलेलं होतं. बंद व्हायची वेळ झाली म्हणून तिथल्या मुलीने दिवे घालवले, तेव्हा अंगणाकडच्या खिडकीचा उजेड तेवढा राहिला. मिनिटभरच, पण त्या मिनिटात बाटल्या चित्रांतल्यासारख्या दिसल्या: कुठेही चमक नाही, फक्त एका बाजूने दुसऱ्या बाजूला उतरत जाणारं करडं.

संध्याकाळी आईला फोनवर हे सगळं समजावलं. टाल्कम पावडरचं, चार टक्क्यांचं, बहिणींचं. तिने धुळीबद्दल पुन्हा काही विचारलं नाही. तिने विचारलं, "त्याच्या खोलीत जायला ज्यांच्या खोलीतून जावं लागायचं, त्या बहिणींची खोली केवढी होती गं?"

त्या खोलीचा मी फोटो काढलेला नव्हता.